मामांनी कॉफी सोडली

आमच्या देवासच्या मामांइतका निश्चयाचा माणूस अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही, आणि निश्चय केल्यावर त्यांच्याइतका गोंधळणाराही. जन्मभर त्यांनी शाळेत हिंदीतून भूगोल शिकवला, त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं. भाचा असो, भाजीवाला असो की व्याही, सगळे 'भिया'. पहाटे उठून जायफळ घातलेली कॉफी ते स्वतः करत, एक कप मामींच्या हातात देत आणि मग दोघं अर्धा तास ओसरीवर बसत. त्या कॉफीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा मी नुसतं पातेलं उतरवलं, तर म्हणाले, "भिया, तू चायवाला आदमी, तुला यातलं काय कळणार?"

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांना साखर कमी करायला सांगितली. एवढंच सांगितलं होतं. मामांनी तळण सोडलं, शेव सोडली (देवासात शेव सोडणं म्हणजे संन्यासच), आणि "करायचं तर पूरा करायचं" म्हणून कॉफीही सोडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची सकाळच हरवली. उठून तोंड धुवायचे, पुढं काय ते आठवेना म्हणून परत जाऊन तोंड धुवायचे. एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून टेकडीवर फिरून आले. "माझी आंघोळ झाली का गं?" असं मामींना विचारायचे, आणि "केस ओले आहेत तुमचे" म्हटल्यावर खात्रीसाठी डोक्याला हात लावून बघायचे. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे धारला यायला निघाले. दुपारी त्यांचा फोन आला, "भिया, धार किधर गया?" भूगोलाचे मास्तर इंदूरला भलत्याच बसमध्ये बसून धामनोदला उतरले होते आणि ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांना उत्तर दिशा समजावून सांगत होते.

मी जाऊन त्यांना घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी देवासला पोचवलं. मामींना म्हटलं, "मामी, बिनसाखरेची का होईना, यांना कॉफी घेऊ द्या."

"घेऊ देत की," मामी म्हणाल्या. "मला नको म्हणजे झालं. मला ती कधी आवडलीच नाही."

मामा उभ्याचे खाली बसले. "क्या? अगं, रोज तर पीत होतीस!"

"जायफळानं माझं डोकं जड होतं."

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"दिवसभर तुम्ही साऱ्या गावाचे, अहो. तेवढा अर्धा तास माझ्यापाशी बसायचात. नको म्हटलं असतं, तर एकटेच पिऊन निघून गेला असतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता तर बसतही नाही."

मामा माझ्याकडे, मग मामींकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिले. धामनोदलासुद्धा ते इतके हरवलेले नसावेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा मामा शेगडीपाशी रिकामं पातेलं धरून उभे होते. मामींना ते अगदी हळू विचारत होते, "मग तुला काय आवडतं?"

मामींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. "थांबा हं," त्या म्हणाल्या, "आठवावं लागेल."

मामांनी पातेलं खाली ठेवलं आणि ते मामींजवळ बसले. मामी खूप वेळ आठवत होत्या.