दोन अक्षरांत आबाजी गेले

कसं सांगू आता, पण मी एका धडधाकट माणसाला मारलं आहे. हसू नका, चहा सांडेल! हत्यार कोणतं? लग्नपत्रिका.

मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका सरकारी कचेरीत बाबू. शाळा हिंदीत, कागद हिंदीत, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. पण संक्षेपांचा मी बादशहा! क्र., दि., मा., म. प्र.! माझ्या ओळीत शब्द कमी आणि टिंबं जास्त. नवीन बाबू मला विचारून लिहितात. मग डोक्यात हवा जाणार नाही तर काय होणार?

तर आमच्या वर्षाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. मुलगा रामाकोन्याचा, संत्र्याच्या बागा असलेल्या घरचा. त्यांना पत्रिका मराठीत हवी होती आणि तिच्यावर मुलाच्या आजीचं नाव. मुलाचे आजोबा, आबाजी, म्हणाले, "माह्यं नाव नका टाकू. बुढीचं टाका, तिले हौस आहे."

मी नमुन्याला घरातल्या जुन्या पत्रिका काढल्या. काही बायकांच्या नावाआधी सौ., काहींच्या नावाआधी ग. भा. निरखून पाहिलं, तर ग. भा. वाल्या बहुतेक म्हाताऱ्या! आलं ना लक्षात! तरुणपणी सौ., वय झालं की बढती, ग. भा.! कचेरीत नाही का छोट्या बाबूचा बडा बाबू होत, तसं.

कोणाला विचारायचं? मी? छे! छापून मोकळा झालो, 'रामाकोना येथील ग. भा. सुमनबाई यांचे नातू'. छापणाराही हिंदीवाला. म्हणाला, "वजनदार लग रहा है, भैया." बाबांनी फक्त मुहूर्त तपासला. पत्रिका मीच घरोघर वाटल्या, तेही छाती फुगवून.

मग एका सकाळी आबाजींचा फोन.

"बाबूसाहेब, मी कधी मेलो?"

"आँ?"

"तुमच्याकडचे पाहुणे सौसरहून आले ना सांत्वनाले! अंगणात बसले, माह्याच हातचा चहा पिऊन राहिले, अन् मलेच विचारून राहिले का आबाजी कशानं गेले! अबे, नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी लावतेत ग. भा.!"

मी जेवण तसंच टाकून जुन्या पत्रिका पुन्हा काढल्या. ग. भा. वाल्या साऱ्या विधवाच!

तोवर आमच्या घरीही फोन सुरू झाले. मावशी म्हणाली, "सुतकात लग्न करून राहिले काय रे?" मामा म्हणाला, "मुहूर्त पुढं ढकला." आईनं डोळ्याला पदर लावला, माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला, वर्षा माझ्याशी बोलेना. आणि दुपारी रामाकोन्याहून आजीचा निरोप आला, "जित्या नवऱ्याची बायको हाव मी. माह्यं कुंकू पुसणाऱ्या घरची पोरगी नाही पाह्यजे." झालं! माझ्या दोन टिंबांपायी बहिणीचं लग्न मोडायला निघालं!

मोटरसायकल काढली, रामाकोना गाठलं आणि आजीच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय आखडून घेतले. आबाजी मात्र बाजेवर बसून खदखदा हसत होते.

"मारलं तूनं, आता जिता बी तूच कर. जिथं जिथं पत्रिका गेली, तिथं तिथं मले घेऊन चाल. लोकायनं डोळ्यानं पाह्यलं, त बुढी मानंन."

आणि निघाली हो आमची वरात! पुढे मी, मागे पांढऱ्या टोपीत आबाजी. सौसर झालं, पांढुर्णा झालं. प्रत्येक दारात मी ओरडायचो, "हे बघा आबाजी! जिवंत!" आबाजी हात जोडायचे आणि लगेच पोहे खायला बसायचे. एका काकूनं तर खात्री म्हणून त्यांना चिमटा काढला. घरं वाढत गेली तसे आबाजी टवटवीत होत गेले, आणि मी उन्हानं, लाजेनं करपत गेलो.

शेवटी सावरगावला आत्याच्या घरी पोहोचलो. आबाजींनी तिथूनच फोन लावला, "अवं, ऐकून राहिली का? साऱ्यायनं पाह्यलं मले. होऊ दे आता लग्न!" तिकडून आजी "बरं" म्हणाली, आणि मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

आत्या माझ्याकडं बघतच राहिली. "आबाजी, तुम्ही त ठणठणीत हाये. पण ह्या पोट्ट्याचं तोंड असं काऊन झालं?"

आबाजींनी चहाची बशी खाली ठेवली, मिशी पुसली.

"याचं काही खरं नाही, बाई. याच्या बायकोच्या नावाआधी सौ. लावून काय छापाचं असंन, ते आजच छापून घ्या."