विरी गेलेलं पीठ

काल डबा उघडला तर ज्वारीच्या जुन्या पिठाचा कुबट वास आला आणि सासूबाई आठवल्या. लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या रोज सकाळी परातीपुढे बसायच्या आणि म्हणायच्या, "दे गं मूठभर पीठ. काम न्हाई दिलं तर हात इसरून जाईल." मला डबे भरून कामावर पळायचं असायचं. ताजं पीठ वाया कशाला घालवायचं, म्हणून मी त्यांना डब्याच्या तळाचं जुनं पीठ द्यायचे. असं पीठ विरी जातं, चिकटपणा राहत नाही, धडधाकट बाई थापायला बसली तरी भाकरी चिरते. त्यांची रोज चिरायची. "आज नकाशा झाला, उद्या भाकर होईल," म्हणत त्या हसायच्या. महिनाभरात त्यांची बोटं थोडी उघडायलाही लागली होती. एके दिवशी त्यांनी विचारलं, "पीठ इरी गेलंय का गं?" मी तव्यावरची नजर न काढता म्हणाले, "न्हाई आई, परवाच दळून आणलंय." त्यांनी परात बाजूला सारली. "मंग हातच गेला म्हनायचा," म्हणाल्या आणि पदराला हात पुसला. दुसऱ्या दिवसापासून त्या बसल्या नाहीत. मीही परात पुढे केली नाही. सकाळची माझी दहा मिनिटं वाचत होती. शेवटी शेवटी आईंनी जिद्दच सोडली, असं घरात अजून म्हणतात, आणि मी होकाराची मान डोलावते.