मार्थाबाईंचा टॉवेल

मार्थाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. त्यांच्या भाच्याने शिरूरहून दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी बसल्या जागी रडले... बाळ पीत राहिलं.

शिरूरला माझ्या माहेराशेजारी राहणाऱ्या या निवृत्त नर्स. थोरलीच्या वेळी त्या गावाला गेलेल्या. आम्ही चीक म्हणून पहिलं पिवळं दूध काढून टाकलं, वर मध चाटवला, आठव्या दिवशी डब्याचं दूध सुरू केलं. महिन्याच्या आत पोर जुलाबांनी सलाईनवर. वाचली, पण 'हिला दूधच नाही' हा शिक्का माझ्यावर बसला. म्हणून या वेळी सातव्या महिन्यातच मी त्यांच्याकडे गेले, तेही वही-पेन घेऊन. त्यांनी विचारलं, बाळंतपण कुठे? सासरी, कासुर्डीला, म्हटलं.

"मग वही कशाला? तिथं तुझ्यापाशी जी बसणार, तिला घेऊन ये."

मला भयंकर राग आला, कारण सगळ्यात जास्त टोमणे सासूबाईंचेच होते. तरी नेलं. मार्थाबाईंनी टॉवेलची गुंडाळी बाळ म्हणून सासूबाईंच्या हातात दिली आणि तासभर घोटून घेतलं: बाळाचं पोट आईच्या पोटाला, तोंड मोठं उघडेपर्यंत घाई नाही. चीक टाकायचा नाही म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. मार्थाबाईंनी विचारलं,

"गाय व्याली की पहिला चीक वासराच्या तोंडी लावता ना?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. मग दूध पोटात जातंय का हे कळायला ओले लंगोट मोजायचं ठरलं, दुसऱ्या दिवशी निदान दोन, तिसऱ्या दिवशी तीन. बोलताना मार्थाबाईंना दम लागत होता. मी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही, ते आजही टोचतं.

दौंडच्या दवाखान्यात बाळंत झाले. दुसऱ्या दिवशी बाळ रडून लाल झालं. माझी छाती मऊच, दूध उतरलं नव्हतं. चुलतसासू बाटली भरून उभ्या. मी मार्थाबाईंना नऊ वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही. त्या स्वतःच ऑक्सिजनवर होत्या, हे नंतर कळलं. मी हरले आणि बाटलीसाठी हात पुढे केला.

सासूबाई मध्ये आल्या. "दोन लंगोट वलं झाल्यात. उद्या तीन न्हाई झालं तर डाक्टरीणबाईला मीच बोलावती. तवर बाटली पिशवीत ठिवा." आणि बाळ पुन्हा माझ्या पोटाशी लावलं.

तिसऱ्या दिवशी चार झाले. संध्याकाळी माझा ब्लाऊज दुधाने भिजला.

मार्थाबाईंना हे सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी सरावाला दिलेला टॉवेल आमच्या कपाटात आहे. परवा शेजारची गरोदर सून काही विचारायला माझ्याकडे आली. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी टॉवेल काढून गुंडाळला, आणि तिला म्हणाल्या, "तुजी सासू कुठं हाय? तिला घिऊन ये आदी."