विम्याच्या रकान्यातली खूण

आधी अक्षराची माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातही भातलावणीच्या दिवसांत घरीच असायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वरखाली जातील. पण मला तोंडाने बोलता येत नाही. चार माणसं समोर बसली की शब्द घशातच राहतात. मुलीच्या कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर हे लिहिते आहे.

आम्हाला एकच मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं, म्हणून पनवेलच्या बँकेत कर्ज मागायला गेलो. तिचे बाबा तळोज्याला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. त्यांना सुट्टी मिळाली नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली. पहिल्या दिवशी आम्ही मायलेकीच होतो. कर्ज मुलीच्या नावावर आणि जोडीला आम्हा दोघांच्या सह्या, असं साहेबांनी समजावलं. मी नुसती मान हलवत होते.

मग साहेब म्हणाले, "याच्याबरोबर विमा काढता येतो. थोडे पैसे जास्त जातील. पण उद्या हिला काही झालं, तर राहिलेलं कर्ज विमा कंपनी भरेल."

कोऱ्या साडीची घडी मोडून, देवापुढे साखर ठेवून आम्ही निघालो होतो आणि हा माणूस भरल्या तोंडाने काय बोलत होता! बँकेत मी तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच.

"शुभ बोला ना, सायेब. चांगल्या कामाला आलोय आमी."

साहेब हसले. मुलगी लाजली. "अगं आई, ते नियमाचं सांगतायत. घेऊया ना."

मी म्हटलं, "नको म्हणजे नको."

"आईला नको तर नको, सर," ती म्हणाली. फॉर्मवर विम्याचा एक रकाना होता. त्यात तिने 'नको'पुढे खूण केली आणि खाली सही केली. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजला आणि वाटभर चिडवत होती, "काय दरडावलंस गं त्यांना! बोलता येतं की तुला."

ती शिकली, पनवेलच्याच दवाखान्यात लागली. पगारातून पाच हप्ते तिने स्वतः भरले. मग कावीळ झाली. नऊ दिवसांत गेली.

शेजारचे म्हणाले, माणूस गेलं की त्याचं कर्जही जातं. आम्हाला ते खरं वाटलं. बँकेत कुणी कळवलंच नाही. दुसऱ्या महिन्यात तिच्या मोबाईलवर फोन आला. मोबाईल मी चार्ज करून ठेवत होते, का ते सांगता येणार नाही. पलीकडून बँकेतल्या एका बाईने तिचं नाव घेतलं.

"मॅडम आहेत का?"

"नाय."

"कधी येतील?"

मला सांगता येईना. मी म्हणाले, "भायेर गेल्ये." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असे तीन महिने मी तिला बाहेर पाठवत राहिले आणि थकल्याचा दंड चढत गेला. शेवटी एकदा तिच्या बाबांनी फोन हिसकावला. "वारली हाय ती. आता कुनाला बोलावतेस?" बाई म्हणाली, मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत या.

दाखला घेऊन आम्ही गेलो. तेव्हाचे साहेब बदलून गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण होता. त्याने नीट समजावलं. मुलगी गेली तरी जोडीला सह्या केलेल्यांकडून कर्ज वसूल होतं. विमा असता तर एक पैसा भरावा लागला नसता.

"आमाला विम्याचं कोनी सांगितलाच नाय!" बाबा ओरडले. सगळी बँक बघायला लागली.

त्याने फाईल काढून तो कागद पुढे सरकवला. 'नको'पुढची खूण, खाली तिची सही.

बाबा त्या सहीकडे बघत राहिले. "पोरीनंच नको केलंन?"

मी शेजारीच उभी होते. पदर तोंडाशी धरला होता.

दंडातला थोडा माफ झाला, बाकीचे हप्ते बांधून दिले. मी हायवेच्या ढाब्याला रोज साठ तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायला लागले. बाबा सुट्टीच्या दिवशीही कामाला जायचे. हप्ता भरायचा दिवस आला की तिच्या फोटोकडे बघून म्हणायचे, "एवढी शिकलीस, आन् एक खून नीट करता आली नाय तुला." एकदा नणंद आली होती. ती म्हणाली, "त्यापेक्षा आमच्या वयनीची चौथी बरी!" सगळे हसले. मी चहा गाळायला आत गेले.

असं चार वर्षं चाललं. रोज भाकरी थापताना मी ठरवायचे, आज सांगायचं. ते जेवायला बसले की पुढे पाणी ठेवायचे आणि परत यायचे.

मागच्या सोमवारी शेवटचे पैसे भरायला दोघं गेलो. टोकन घेऊन बाकावर बसलो. समोर कर्ज मागायला बसलो होतो तेच टेबल होतं. बाबा म्हणाले, "तिला अक्कल असती, तर आज हितं बसावं लागलं नसतं."

मी म्हटलं, "ती घेऊया म्हणत होती. मी नको म्हटलं. सायेब अभद्र बोलले म्हणून मीच नको म्हटलं."

ते माझ्याकडे वळले नाहीत. हातातलं टोकन गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मंग चार वर्षं मी पोरीला बोललो."

आमचा नंबर पुकारला. ते उठले, गुंडाळलेलं टोकन सरळ केलं आणि खिडकीत दिलं. मोजलेले पैसे पुन्हा मोजून आत सरकवले. आतल्या मुलीने पावतीवर शिक्का मारला. कर्जदार म्हणून वर तिचंच नाव होतं. खाली लिहिलं होतं, बाकी काही नाही.