सारजाबाई बेटावर घर बघते

सोमनाथनं ताटात पाणी घेतलं, त्यात वाटी पालथी ठेवली आणि फोन वरून धरला. वाटी म्हणजे मॉरिशस, भोवतीचं पाणी म्हणजे समुद्र. वाटीच्या माथ्यावर रोज पाऊस पडतो, हवा गार असते. कडेला, समुद्राजवळ, कोरडं असतं, ऊन असतं. एक घर माथ्यावर आहे, एक कडेला. दोन्ही भाड्याची, दोन्ही चांगली. माय म्हणेल ते घ्यायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

सारजाबाई पडेगावात आपल्या ओट्यावर बसून हे बघत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, फोन डाव्या हातात. तिनं विचारलं, दोन्हीत बरं कोणतं? सोमनाथ म्हणाला, "ते तू सांग, माय. तुला ऱ्हायचंय तिथं."

सारजाबाईनं साठी ओलांडली होती आणि हा प्रश्न तिला कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

ती गंगापूरकडच्या एका वस्तीवरची. तिचं लग्न ठरवायला बाप आणि चुलता कन्नडच्या बाजूला गेले, तेव्हा त्यांनी आधी नवऱ्या मुलाच्या शेतातली विहीर पाहिली. वाकून आत बघितलं, दगड टाकून आवाज ऐकला, मग चहा घेतला. त्या भागात अशीच रीत आहे. जावयाचं तोंड नंतर बघतात. सारजाबाईला त्या रीतीचा राग नव्हता. विहिरीला पाणी होतं आणि लग्नानंतरची पहिली वर्षं बरी गेली. राग पुढचा होता. नवरा कडूबा साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला, आणि पुढे दोस्तांनी प्लॉट घेतले म्हणून त्यानंही पडेगावात घेतला. तो बघायला ती नव्हती. कडूबानं रस्ता पाहिला, वारा पाहिला, तिथून देवगिरीचा किल्ला दिसतो हेही पाहिलं. घर बांधून झाल्यावर, सामान उतरवताना, तिनं विचारलं की पाणी कुठंय. तो म्हणाला, येईल.

नळ आला, बऱ्याच वर्षांनी आला. पाणी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. आलं की मोटर लावायची, पाइप ओढायचा, ड्रम, टाकी, घागरी, पातेली, पार पूजेच्या तांब्यापर्यंत सगळं भरायचं. सारजाबाईचं आयुष्य त्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे गेलं. धाकटा भाऊ वारला तेव्हा ती दहाव्याला गेली नाही, कारण त्या दिवशी पाणी होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. माहेरच्यांनी ते अजून माफ केलेलं नाही. गल्लीच्या तोंडाला शाळेची भिंत आहे, तिच्यावर पाणी जपून वापरा असं निळ्या रंगात लिहिलेलं आहे. रिकामी घागर घेऊन तिच्यासमोरून जाताना सारजाबाईला ती भिंत पाडावीशी वाटे. ज्यानं लिहिलं त्याच्या घरी पाणी रोज येत असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

कडूबा गेला. सोमनाथ शिकला, कन्नडच्या बाजूला कारखान्यात इंजिनिअर झाला आणि मग तिकडे समुद्रापार, मॉरिशसच्या एका साखर कारखान्यात. ऊस तिथंही आहे. बायको श्रेया सोबत गेली. माय एकटी राहिली. मागच्या पाण्याच्या दिवशी ती जिन्यावर घसरली, मनगट मोडलं, आणि सोमनाथनं फोनवर सांगितलं की आता पुरे झालं, तू इकडं ये.

तेव्हा ती नको म्हणाली होती. पण वाटी बघितल्यावर, तुला ऱ्हायचंय हे ऐकल्यावर, तिनं मनावर घेतलं. बापानं जसं घर पाहिलं होतं तसं तिनं पाहायचं ठरवलं. फक्त विहिरीच्या जागी फोन.

तिनं सोमनाथला सांगितलं की समुद्र दाखवू नको, समुद्र पिता येत नाही. नळ सोडून दाखव. बादली ठेव आणि भरेपर्यंत फोन हलवू नको. सकाळचं दाखव, सगळे उठतात तेव्हाचं. मग शेजाऱ्यांच्या गच्च्या दाखव. ज्या गावात प्रत्येक गच्चीवर टाकी असते तिथल्या नळावर भरवसा ठेवायचा नाही, हे ती तीस वर्षांत शिकली होती. सोमनाथ हसला, पण व्हिडिओ आले. खालच्या घराला निळं दार होतं, आजूबाजूच्या गच्च्यांवर टाक्याच टाक्या. वरच्या घराच्या व्हिडिओत पाऊस होता, हिरवळ होती आणि टाक्या अगदी तुरळक.

हे सगळं शेजारची गोजरबाई मागं उभी राहून बघायची. गोजरबाईची जीभ तिखट, पण प्लास्टर घातल्यापासून सारजाबाईची वेणी तीच घालत होती. ती म्हणाली, "सारजाबाई, तू तिथंबी घागर घेऊनच उतरशील इमानातून. साहेब इचारंल, ह्यात काय हाय?"

"सांगन, पडेगावची हवा हाय."

सारजाबाईनं वरचं घर निवडलं. फोनवर तसं सांगितलं, दोनदा सांगितलं. सोमनाथ जरा थांबून म्हणाला, बरं, बघतो. पुढच्या फोनला म्हणाला, घरमालक बाहेरगावी आहे. त्याच्या पुढच्या फोनला श्रेया म्हणाली की वर फार ओल असते, आई, तुमचे गुडघे दुखतील. सारजाबाई म्हणाली, गुडघे माझे आहेत. आणि मग तिनं अशी गोष्ट केली की गल्ली बघत राहिली. तिनं आपले पाण्याचे ड्रम गोजरबाईला देऊन टाकले. पडेगावात बाई दागिने देईल, ड्रम देणार नाही. ड्रम दिले म्हणजे ती राहणार नाही, हे सगळ्यांना कळलं. घरात दोन घागरी आणि एक बादली उरली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं हे सांगायला आपणहून फोन लावला. सोमनाथचा फोन घरीच राहिला होता, तो श्रेयानं उचलला. ती घाईत होती. फोन कशाला तरी टेकवून तिनं कुकर लावला. सारजाबाई हात वळवून दाखवत होती आणि बोलता बोलता थांबली. श्रेयाच्या पाठीमागं दार दिसत होतं. निळं दार. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आणि पानं वाळून तपकिरी झाली होती, कडा आत वळल्या होत्या.

ओली पानं असती तर तिनं कदाचित काही समजूत करून घेतली असती. वाळलेल्या पानांची काही समजूत होत नाही. ती इतकी वाळायला आठवडे जातात.

"श्रेया," ती म्हणाली, "घरात कधी शिरले तुम्ही?"

श्रेया वाईट मुलगी नव्हती. तिनं गॅस बारीक केला आणि खरं ते सांगितलं. वाटीचा फोन आला त्याच्या आधीच करार झाला होता. कारखान्याला जवळ, तिच्या नोकरीलाही जवळ, म्हणून. आईला विचारल्यासारखं होईल, त्यांना बरं वाटेल, असं सोमनाथचं म्हणणं. तुम्ही खालचंच म्हणाल असं आम्हाला वाटलं होतं, समुद्र सगळ्यांना आवडतो. घरभरणीचं काय, असं सारजाबाईनं विचारलं. श्रेया म्हणाली, तुमचा हात मोडलेला होता, आई. माझी आई इथं आली होती. दूध तिनंच उतू घातलं.

सारजाबाईनं फोन बंद केला. तिला रडू आलं नाही. तिचं अंग तापलं. तिनं जिन्याखाली पाहिलं, तिथं ड्रमांचे गोल डाग होते. ती तशीच गोजरबाईच्या दारात गेली आणि म्हणाली, माझे ड्रम दे.

सकाळीच पाणी येऊन गेलं होतं. ड्रम काठोकाठ भरलेले.

"भरल्याले ड्रम कुणी वापस देतं व्हय?" गोजरबाई म्हणाली. मग तिनं सारजाबाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि तिला आत बसवलं.

सगळं ऐकून झाल्यावर गोजरबाईनं सोमनाथची बाजू घेतली. लेकरू आहे, मायला वाईट वाटू नये म्हणून केलं, त्यात एवढं काय. परदेशात नेतोय, माझं पोरगं मला इथल्या वाळूजलाही नेत नाही. सारजाबाई नुकता प्लास्टरमधून निघालेला पांढरा हात चोळत ऐकत होती.

"कडूबानं मला इचारलंच नाय," ती म्हणाली. "त्यो मुकाट घिऊन आला, मी मुकाट आले. ह्यानं इचारून फसवलं. मी गच्च्या मोजू ऱ्हायले, अन् त्यो तिथं झोपू ऱ्हायला."

गोजरबाई उठली. तिनं एक ड्रम तिरका करून पाणी स्वतःच्या हौदात ओतलं आणि रिकामा ड्रम बाहेर आणून ठेवला.

सोमनाथचे फोन येत राहिले. सारजाबाईनं घेतले नाहीत. तो गोजरबाईच्या फोनवर आला, तेव्हा गोजरबाईनं सांगितलं की तुझी माय ड्रम धुवू ऱ्हायली, तिला येळ नाय. गल्लीतल्या लोकांना वाटलं आता ती जात नाही. तिलाही तसंच वाटत होतं, पण हा विचार तिला पटेना. न जाणं म्हणजे पुन्हा कडूबाच्याच घरात. तेही तिनं निवडलेलं नव्हतं. या दोन पुरुषांनी, एकानं मुकाट्यानं आणि एकानं गोड बोलून, तिला दोन्हीकडून कोंडलं होतं. माणसाला चीड येते ती अशा वेळी, जेव्हा नाही म्हणायलाही दुसऱ्याचीच जागा उरते.

रविवारी तिनं फोन घेतला. सोमनाथ आधी माफी मागू लागला, मग समजावू लागला. घर मोठं आहे, तुझी खोली वेगळी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, नळाला पाणी असतं, माय, टाकी तर सगळेच ठेवतात. तिनं त्याला बोलू दिलं.

"मी येते," ती म्हणाली. "पण वरल्या घरात. तुम्ही ऱ्हा समिंद्राकाठी."

"एकटी कशी ऱ्हाशील तू?"

"हितं कोण हाय माझ्याजवळ?"

तो म्हणाला, ते घर आता गेलंही असेल. ती म्हणाली, जाऊन बघ. त्यानं घसा खाकरला, आणि त्या खाकरण्यावरून तिला कळलं. तिनं विचारलं, तू ते घर पाहिलंस तरी का कधी? नव्हतं पाहिलं. वरच्या घराचा व्हिडिओ दलालानं पाठवलेला होता, सोमनाथनं तो तसाच पुढे ढकलला होता. त्या घराची पायरी तो चढलेला नव्हता.

सारजाबाईनं शिवी दिली. कडूबाला दिली नव्हती अशी, पूर्ण. सोमनाथनं ती ऐकून घेतली. मग ती म्हणाली, "आता ऊठ. गाडी काढ. अन् फोन चालू ठेव."

तो निघाला. घाटासारखा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मग ऊस संपून झाडं, मग काचेवर पाऊस. घर रिकामंच होतं. घरमालक म्हातारा होता, त्याचे पणजोबा रत्नागिरीकडून गेलेले, पण त्याला मराठी येत नव्हतं. फोनमधली बाई काय म्हणते ते सोमनाथ त्याला इंग्रजीत सांगत होता. आधी नळ. नळाला धार जाडजूड होती, बादली बघता बघता भरली. मग सारजाबाईनं दारं लावून दाखवायला सांगितली. एक दार चौकटीत बसेना, फुगलं होतं. मग कोपरे. मग म्हणाली, "ते कपाट सरकव."

सोमनाथ म्हणाला, माय, दुसऱ्याचं घर आहे. ती म्हणाली, सरकव. म्हाताऱ्यानं नाराजीनं हात लावला, दोघांनी कपाट ओढलं. मागची भिंत छतापासून जमिनीपर्यंत काळी होती, बुरशीनं, आणि खाली पाणी पाझरत होतं.

सारजाबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. ज्या पाण्यासाठी तिनं हे घर धरलं होतं तेच भिंतीतून येत होतं. ओल असते हे श्रेया म्हणाली होती, ते खरं निघालं, आणि याचाही तिला राग आला. सोमनाथ काही बोलला नाही. बोलला असता, बघ मी म्हणत नव्हतो का, तर तिनं फोन ओट्यावरून खाली टाकला असता, आणि हे त्याला बहुतेक कळलं असावं.

"हे नको," ती म्हणाली. "दुसरं बघ."

"माय, अंधार पडू ऱ्हायला."

"मंग उद्या बघ. लई वर नको, लई खाली नको. मधल्या अंगाला बघ. अन् तू सोता जायचं, दलालाचं काय पाठवायचं नाय."

त्यानं व्हय म्हटलं. म्हाताऱ्याचे आभार मानले, पावसातून धावत गाडीत जाऊन बसला, अंग पुसलं, आणि फोन ठेवायला लागला.

"बंद करू नको," सारजाबाई म्हणाली. "समोर काचेला लाव. जाता जाता जी घरं दिसतील ती मला बघू दे."