पाहुण्याच्या वाटेवरचा सडा

विमान आमच्या वावरात उतरलं तेव्हा मला सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या वर्षात मी पोटभर झोपल्याचं काही आठवत नाही. लढाईचा काळ. वाट चुकलेलं, पेट्रोल संपलेलं एक लहानसं विमान म्हसावदच्या अलीकडे आमच्या काळ्या रानात येऊन टेकलं. नेमकं त्याच वावरात, जे सासऱ्यांनी पावसाळाभर मोकळं ठेवून दादरसाठी राखलं होतं.

दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. तिला पेरताना जमिनीत ओल लागते, आणि ओल कुणासाठी थांबत नाही. विमानापाशी पोलीस बसला, वावरात औत घालायची बंदी झाली. सासरे रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून, दुसऱ्याचा मोकाट बैल शिरावा आणि हाकलता येऊ नये, तसे त्या विमानाकडे बघत.

"कव्हय उडी हाई?" हे उडणार कधी, असं ते पोलिसाला विचारत. त्याला तरी काय ठाऊक!

विमान चालवणारा कोवळा गोरा पोरगा होता. राहायला चावडीत, जेवायला आमच्याकडे. तिखट सोसेना म्हणून सासूबाई त्याला दुधात भाकरी कुस्करून देत. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती, पण त्याचं पोट भरलं की नाही ते त्यांना बरोबर कळे. मला मात्र त्याचा राग यायचा. पहाटे उठून दळायचं माझ्या वाट्याला होतं, आणि त्यात हे एक तोंड वाढलं.

अखेर लष्कराच्या ट्रकातून पेट्रोलचे डबे आले. बैलांकडून जड फळी ओढवून वावरात विमानाला धावायला लांब पट्टी दाबून घेतली. पोराने ती पायी फिरून तपासली, मग यंत्र चालू करून पाहिलं. पंखा फिरला आणि धुळीचा असा लोट उठला की जमलेला गाव खोकत सुटला. तोही डोळे चोळतच उतरला.

सासूबाईंच्या ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आळीतल्या बायका घागरी घेऊन वावरात नेल्या.

"पाव्हना जाई ऱ्हायना. त्याना डोयामा धूय जावाले नको." निघालेल्या पाहुण्याच्या डोळ्यात धूळ जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

दारात घालतो तसा आम्ही त्या अख्ख्या पट्टीवर सडा घातला. विहिरीचं पाणी ओढून ओढून माझे खांदे भरून आले. पुरुष माणसं, पोलीससुद्धा, घरी पाहुण्याला चहा पाजण्यात गुंतली होती. काळी माती भिजली की पायातली चप्पल ओढून घेते हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक. पण विमानालाही चाकं असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पोरगा आला, हात जोडून आत बसला. विमान धावलं. धूळ जराही उडाली नाही. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. मग चाकांना चिखल चिकटत गेला, वेग मंदावला, नाक खाली गेलं आणि विमान शेपटी वर करून उलटं पडलं. पोराला ओढून बाहेर काढलं. हात मोडला होता, कपाळ फुटलं होतं. सासूबाई पदराने रक्त पुसत रडत होत्या.

दुपारी फौजदाराला घेऊन लष्कराचा गोरा साहेब आला. घातपाताचं बालंट येणार म्हणून गाव गारठला होता. पाणी कोणी टाकलं, असं त्याने विचारलं. सासूबाई पुढे झाल्या.

"मी टाकं. पाव्हना व्हता."

फौजदाराने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने त्यांच्या रक्ताळलेल्या पदराकडे पाहिलं. त्याने कुणाला धरलं नाही.

पण मोडकं विमान हलवायचं नाही, असा हुकूम झाला. लष्कराची माणसं येऊन त्याचे तुकडे नेईपर्यंत वावर अडकून पडलं. शेवटचा ट्रक गेला त्या दिवशी सासऱ्यांनी पेरणीची पाभर जुंपली, खाली बसून मनगट बुडेपर्यंत मातीत हात घातला आणि कोरडाच बाहेर काढला.

"ओल गयी," ते म्हणाले. "बैल सोडी द्या."

सासूबाई बियाण्याची टोपली डोक्यावर घेऊन उभ्याच होत्या. शेवटी टोपली मीच उतरवून घेतली. घरी आल्यावर त्यांनी ते निवडून राखलेलं बियाणं जात्याशी ओतलं.

"दयी टाक," मला म्हणाल्या.

मी दळायला बसले.