हिरव्या ढालीवर बगळा

पिरंगुटच्या बाजारात ऑइलपेंटचा वास आला आणि आमची शाळा आठवली.

पेंटरकाका भिंतीवर शाळेचं चिन्ह काढायला आले होते. बाईंनी मुद्दाम नमुना लपवला. "युरोपात सरदारांच्या ढालींवरची चिन्हं शब्दांतच लिहून ठेवतात. आधी रंग, मग आकृती, मग तिची ठेवण. आपलं चिन्ह काकांना तसंच सांगा बघू." मी लांबलचक सांगितलं, काका गोंधळले.

तेवढ्यात ठाकरवाडीची सुगंधा उठली. तिच्या बोलण्याला आम्ही हसायचो, म्हणून ती वर्गात गप्पच असे.

"हिरव्या ढालीवर पांढरा बगळा हाय. येक पाय वर, त्वांड डावीकडं."

काकांनी ब्रश उचलला. "म्होरं सांग, पोरी."

तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता. आज आठवतो तो तिचा मोकळा झालेला आवाज. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला आणि पहिला हात सुगंधाचा वर गेला.